दोघींत एक परवाना

पिंगळीच्या स्टेशनावर त्या दिवशी जांबाची एकही डाल गाडीत चढली नाही.

आमच्या परभणीकडं पेरूला जांब म्हणतात. दिवाळी झाली की पिंगळीच्या जांबांना गोडी उतरते, आणि मग हैदराबादकडं जाणाऱ्या संध्याकाळच्या गाडीसाठी स्टेशनावर डाली येऊन पडतात. तुराट्यांनी विणलेल्या डाली, आत कडब्याचा मऊ थर, वरून गोणपाट दाभणानं शिवलेलं. मनकर्णा हे काम कितीतरी हंगाम करत आली होती. बैलगाडीतून डाली उतरवल्या की पार्सलबाबू वजन करायचा, पावती फाडायचा, आणि हैदराबादच्या मोअज्जमजाही बाजारातला आडत्या तिकडं माल उतरवून घ्यायचा. पैसे मनिऑर्डरीनं यायचे.

त्या दिवशी पार्सलबाबूनं काटा पुढं ओढलाच नाही.

"बाई, परवाना आणलाय का?"

"कशाचा?"

"ताजा माल बाहेर पाठवायचा. फळं असू द्या, भाजी असू द्या. नवा नियम लागलाय. ज्याच्या नावानं माल जाईल त्याच्या नावाचा परवाना पाहिजे. त्याबिगर पावती फाडली तर माझी नोकरी जाईल."

मनकर्णानं त्याच्याकडं पाहिलं. माणूस खोटं बोलणारा नव्हता, आणि आता तर तो ओशाळलेलाही दिसत होता.

"कुठं मिळतो?"

"परभणीला, कचेरीत. वर्षाची फी हाय, आन् वर जमानत म्हणून रक्कम ठेवावी लागती."

त्यानं आकडा सांगितला. मनकर्णाच्या बागेचा जवळजवळ निम्मा हंगाम त्या आकड्यात जात होता.

"एक डाल पाठवली तरी तेवढेच?"

"एक डाल पाठवा न्हाई तर मालगाडीची आख्खी वाघीण भरून पाठवा. तेवढेच."

फलाटाच्या दुसऱ्या टोकाला तिची धाकटी जाऊ कडूबाई आपल्या डालींपाशी उभी होती. बाबूनं तिलाही हेच सांगितलं असणार, कारण तिचाही माल तसाच पडून होता. मनकर्णाचा नवरा आसाराम आणि कडूबाईचा नवरा लिंबाजी हे सख्खे भाऊ. जांबाची बाग एकच, मधून वाटणीचा बांध घातलेला. दोघी एकाच गाडीला माल आणायच्या आणि फलाटाची दोन टोकं धरून उभ्या राहायच्या, पण एकमेकींशी बोलत नसत. मनकर्णाच्या डालींना हिरव्या चिंधीची खूण असे, कडूबाईच्या डालींना तांबड्या.

गाडी आली. समोरून येणाऱ्या गाडीसाठी ती नेहमीच थोडा वेळ खोळंबायची. एरवी डाली ज्यात चढायच्या त्या गार्डाच्या डब्याकडं मनकर्णानं एकदा पाहिलं, कमरेचा विळा काढला आणि डालीची शिवण उसवली. ओच्यात जांब भरून ती खिडक्यांपुढून चालू लागली. "पिंगळीचे जांब घ्या, झाडावरून आजच उतरवलेत." तिचा आवाज खणखणीत होता आणि लाज तिला कशाचीच वाटत नसे. दोन डाली रिकाम्या झाल्या. मग तिचं लक्ष पलीकडं गेलं. कडूबाई आपल्या न उसवलेल्या डालीवर हात ठेवून नुसती बसली होती. अनोळखी माणसाला हाक मारून माल विकणं तिच्याच्यानं व्हायचं नाही, हे मनकर्णाला ठाऊक होतं.

मनकर्णा तिच्याजवळ गेली. एक शब्द न बोलता तिनं तांबड्या चिंधीची डाल उसवली. आत हात घातला आणि क्षणभर थांबली. प्रत्येक जांबाला देठ होता, देठाला दोन पानं होती, आणि एकाही फळाला बोट लागल्याची खूण नव्हती. हैदराबादेत तांबड्या चिंधीला भाव जास्त मिळतो, असं बाबू मागं एकदा बोलून गेला होता. तेव्हा मनकर्णानं ते कानाआड केलं होतं.

गाडी सुटेपर्यंत तिनं ती डाल विकली, पैसे एका चिंधीत बांधले, कडूबाईपुढं ठेवले आणि आपली बैलगाडी जुंपून निघाली. उरलेला माल दुसऱ्या दिवशी परभणीच्या बाजारात पडेल त्या भावानं गेला.

मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. नवे साहेब, नव्या पाट्या, नवे नियम. लोकांना त्याचं नवल राहिलं नव्हतं. नियम आला की कुणीतरी त्यातून वाट काढायचं आणि बाकीचे त्या वाटेनं जायचे. या वेळी वाट घेऊन आबासाहेब आले.

आबासाहेब परभणीतले मोठे आडते. टांग्यातून उतरून ते आसारामच्या ओसरीवर बसले आणि त्यांनी गोडीनं सगळं समजावून सांगितलं. परवाना त्यांनी काढला होता. ज्याला परवडत नाही त्यानं माल त्यांच्याकडं द्यावा, तो त्यांच्या नावानं जाईल. त्यांची आडत कापून पैसे घरपोच मिळतील. कचेरीच्या खेपा नकोत, जमानत नको.

"डालीला आमची खूण ऱ्हाईल का?" मनकर्णानं दाराआडून विचारलं.

"खूण कशाला? सगळ्या मालाला माझा छाप. पोखर्णीचे लोक बी तयार झालेत."

"मंजी पोखर्णीचे जांब आन् आमचे एकाच डालीत?"

आबासाहेब हसले. "बाई, जांब तो जांब. त्याला गाव कुठं असतंय?"

मनकर्णा चहाचे कप घेऊन बाहेर आली. कप त्यांच्यापुढं ठेवून ती म्हणाली, "चहा घ्या, आबासाहेब. तुमी एवढ्या लांब आलात, लय बरं वाटलं. माल मातूर आमच्याच नावानं जाईल."

आबासाहेबांनी वाईट वाटून घेतलं नाही. "इचार करा," म्हणाले, आणि गेले. टांगा दिसेनासा झाल्यावर आसाराम बायकोला म्हणाला, "एवढी जमानत कुठून आणायलीस?"

"निम्मी आपली."

"आन् निम्मी?"

मनकर्णानं बांधापलीकडं पाहिलं. आसारामनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. तिकडून काही मिळेल असं त्याला वाटत नव्हतं.

त्याला तसं वाटण्याचं कारण होतं. रझाकारांच्या धामधुमीच्या वर्षी निम्मी पिंगळी गाव सोडून गेली होती. आसाराम, लिंबाजी आणि मनकर्णा पोरंबाळं आणि बैल घेऊन वऱ्हाडात सोयऱ्यांकडं गेले. म्हातारी सासू चालू शकत नव्हती. तिच्यापाशी कडूबाई थांबली, तेव्हा नुकतंच लग्न होऊन आलेली पोर. बागेत जांबाची रोपं होती, पाणी मिळालं नाही तर एका उन्हाळ्यात जळून जाणारी. मोट ओढायला बैल नव्हते. कडूबाईनं विहिरीतून दोरानं घागरी ओढून एकेका रोपाला पाणी घातलं. पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर मंडळी परतली तेव्हा गाव उजाड होतं आणि बाग हिरवी होती.

पुढं सासू गेली आणि भावाभावांच्या वाटण्या झाल्या. बाग निम्मी निम्मी. पंचांपुढं कडूबाई कधी नव्हे ते बोलली, "झाडं म्या जगवली. वाटण्या मातूर सारख्या."

मनकर्णा ताडकन म्हणाली, "तुला कुणी थांब म्हणलं नव्हतं."

त्यानंतर कडूबाई तिच्याशी बोलली नाही. मनकर्णालाही तोंड उघडायची गरज वाटली नाही. शब्द तोंडातून गेला होता, त्यात खोटं काहीच नव्हतं, असं ती मनाशी म्हणत राहिली. कडूबाई थांबली नसती तर सासूचं काय झालं असतं, इकडं ती मन जाऊ देत नसे.

आबासाहेब येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णा बांध ओलांडून पलीकडं गेली. कडूबाई झाडाखाली उभी राहून फांदी वाकवून फळं खुडत होती.

"कडू," मनकर्णानं हाक मारली.

कडूबाईचा हात फांदीवर थांबला. तिनं वळून पाहिलं नाही.

"परवाना मला एकटीला परवडत न्हाई. तुला बी परवडायचा न्हाई. दोघींत एक काढू."

"आन् हंगाम झाला की पुन्ना ऐकून घ्यायचं, तुला कुणी थांब म्हणलं नव्हतं म्हणून?"

ती इतका नेमका घाव घालील असं मनकर्णाला वाटलं नव्हतं. पण ती मागं सरली नाही.

"ते म्या म्हणलं व्हतं. आज दुसरं सांगायलेय, ते ऐकून घे. आबासाहेबाकडं माल गेला तर तुझे जांब पोखर्णीच्या ढिगात पडतील. तुला चालंल का?"

कडूबाईनं फांदी सोडली. बराच वेळ ती डालीतली फळं उगाच नीट करत राहिली.

"नाव कुणाचं लागंल?"

"एकाचंच लागतंय म्हणत्यात."

"मग तुमच्याच नावानं काढा, जाऊबाई. बोलता तुमालाच येतंय." यात कौतुक अजिबात नव्हतं. पण ती हो म्हणाली होती, आणि मनकर्णाला तेवढं पुरेसं होतं.

दोघी पॅसेंजरनं परभणीला गेल्या, एकाच बाकावर बसून, मधे गाठोडं ठेवून. कचेरीत दाराशी बसलेला कारकून निजामाच्या काळापासूनचा होता. त्यानं दोघींना पाहिलं आणि म्हणाला, "दरखास्त धन्याच्या नावानं करा. धन्याला घेऊन या."

"धनी ज्वारी पेरायलेत," मनकर्णा म्हणाली. "जांब आमी पाठवतोव. ज्यानं पाठवायचं त्याचं नाव लागतंय, आसं तुमच्याच नियमात हाय ना?"

कारकुनानं आत जाऊन विचारलं आणि दोघींना साहेबापुढं नेलं. साहेब साताऱ्याकडचा, तरुण, बोलायला मऊ. त्यानं खुर्च्या दाखवल्या. कडूबाई बसली नाही म्हणून मनकर्णाही उभीच राहिली.

"हा नियम तुम्हाला त्रास द्यायला केलेला नाही," साहेब म्हणाला. "लोक सडका माल पाठवतात आणि बाजारानं तक्रार केली की कोणीच सापडत नाही. शेतकऱ्याचे पैसे बुडवून आडते पसार होतात. म्हणून मालामागे एक माणूस असला पाहिजे."

"नियम बरा हाय, साहेब," मनकर्णा म्हणाली. "पर वाघीण भरणाऱ्याला आन् चार डाली पाठवणारीला एकच फी, हे काय मला पटंना. तुमाला पटतंय का?"

साहेबानं टाक खाली ठेवला. "फी ठरवणं माझ्या हातात नाही. मी वर लिहून कळवीन."

"कळवा. जमानतीचं तर तुमच्या हातात आसंल. निम्मी आज घ्या, निम्मी संक्रांतीनंतर देतोव. जांब विकल्याबिगर जांबाची जमानत कुठून द्यायची?"

साहेबानं कारकुनाकडं पाहिलं. कारकून म्हणाला, मागं दुसऱ्या एका परवान्यात मिरचीवाल्यांना अशी सवलत दिली होती. साहेबानं मान हलवली आणि टाक उचलला.

"ठीक आहे. आता मला सांगा, माल खराब निघाला तर बाजारानं कोणाला विचारायचं? परवाना त्याच नावानं निघेल."

मनकर्णानं स्वतःचं नाव सांगायला तोंड उघडलं. घरून तेच ठरवून आली होती. सगळं बोलणं तिनं केलं होतं, सवलत तिनं मिळवली होती, आणि थोरली तीच होती. पण साहेबाचा प्रश्न सरळ होता आणि त्याचं खरं उत्तर तिला माहीत होतं. हैदराबादेत ज्या मालाला लोक जास्त पैसे मोजत होते तो तिच्या हातचा नव्हता.

"हिला इचारायचं," ती म्हणाली.

कडूबाईनं चमकून तिच्याकडं पाहिलं.

"ही माझी धाकली जाऊ. लिंबाजीची बायको. आमी सगळे गाव सोडून गेलो तवा ही थांबली, आन् घागरीनं पाणी घालून झाडं हिनं जगवली. आज बागेत जे काय हाय ते हिच्यामुळं हाय. फळ बी हिच्यासारखं कुणाला उतरवता येत न्हाई. नाव हिचं लिवा."

 मग कडूबाई हलक्या आवाजात म्हणाली, "मला सही येत न्हाई."

"अंगठा चालतो," साहेब म्हणाला आणि त्यानं लिहिलं, कडूबाई भ्रतार लिंबाजी, राहणार पिंगळी.

 परत येताना पिंगळीच्या स्टेशनावर उतरल्यावर कडूबाईनं बोटाची शाई पदराला लागू नये म्हणून हात लांब धरला होता, आणि डोक्यावरून घसरलेला पदर मनकर्णानं तिला सावरून दिला.

मनकर्णाला वाटलं होतं, नाव दिलं, आता काम पहिल्यासारखं चालेल. ते तसं चाललं नाही. पहिल्याच खेपेला कडूबाई बांध ओलांडून आली, मनकर्णानं भरलेल्या डालीपाशी बसली आणि एकेक जांब उचलून पाहू लागली. ज्याला देठ नव्हता तो बाजूला, कारण तो हैदराबादपर्यंत टिकत नाही. ज्याला बोट लागलं होतं तो बाजूला. बाजूचा ढीग वाढत गेला.

"आगं, निम्मी डाल काढलीस की," मनकर्णा म्हणाली.

"नाव माझं हाय."

"फळं माझी हायत."

"मग तुमच्या नावाचा दुसरा परवाना काढा." कडूबाईनं मान वर न करता सांगितलं आणि आणखी दोन जांब बाजूला ठेवले.

मनकर्णा उठून घरात गेली. तिचा संताप झाला होता. कचेरीत आपण काय देऊन बसलो ते तिला आता कळत होतं. फीचे पैसे हंगामात भरून निघाले असते, पण आता आपल्याच बागेत धाकटीचं ऐकायचं होतं, तेही रोज, आणि जन्मभर. आसाराम म्हणाला, "मी सांगू का लिंबाजीला?" ती म्हणाली, "काय सांगताव? ती बरोबर करायलीय." तसं म्हणताना तिला बरं वाटलं नाही, पण राग थोडा उतरला.

बाजूला काढलेल्या जांबांचं काय करायचं ते तिनं स्वतःच ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून ती ते पाटीत घेऊन स्टेशनावर जाऊ लागली आणि गाड्यांच्या खिडक्यांपाशी विकू लागली. परवाना बाहेर पाठवायच्या मालाला लागत होता, फलाटावर विकायला नव्हे. बाबूनं वरच्यांना तसं विचारूनही घेतलं. प्रवासात खायला कुणाला देठ लागत नाही. पाटी रोज रिकामी व्हायची आणि ओळखीचे प्रवासी खिडकीतून तिला हाक मारायचे. चांगला माल कडूबाईच्या नावानं हैदराबादला, बाकीचा मनकर्णाच्या बोलण्याच्या जोरावर फलाटावर. संक्रांतीनंतर दोघींनी जाऊन उरलेली निम्मी जमानत भरली आणि तरी दोघींच्या घरी मागच्या वर्षीपेक्षा जास्त पैसा राहिला. फी मात्र पुढच्या वर्षीही तेवढीच होती. साहेबानं वर लिहिलं असेल तर तिथून काही उत्तर आलं नाही.

आबासाहेब एकदा स्टेशनावर भेटले. डालींवरचा परवान्याचा नंबर त्यांनी वाचला आणि म्हणाले, "तुमचा माल मला विकत घ्यायचा आसंल तर?"

"मालकिणीला इचारा," मनकर्णा म्हणाली. आबासाहेबांनी कडूबाईला विचारलं. कडूबाईनं असा भाव सांगितला की ते हसले आणि निघून गेले.

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर बायनाबाई आली. पिंगळीतलीच, घरामागं जांबाची पाच-सहा झाडं असलेली. आपलाही माल कडूबाईच्या परवान्यावर जावा, असं तिचं म्हणणं होतं. कडूबाई म्हणाली, मग फीचा वाटा भरावा लागेल. मनकर्णा म्हणाली, पाच झाडांच्या बाईकडून कसला वाटा घेतेस? कडूबाई म्हणाली, माल खराब निघाला तर साहेब मला विचारील, फुकट जोखीम कामून घेऊ? दोघींचा आवाज इतका चढला की आसाराम आणि लिंबाजी औत सोडून बांधावर येऊन उभे राहिले. लिंबाजी पुढं जायला निघाला, तर आसारामनं त्याचा हात धरला.

"बोलू दी दोघींला," तो म्हणाला.

शेवटी असं ठरलं की बायनाबाईनं पैसा द्यायचा नाही, पण दोघींच्या बागेत खुडायला यायचं आणि आपली फळंही त्याच पद्धतीनं उतरवायची. बायनाबाई खूश झाली. पहिल्याच सकाळी तिनं भराभर डाल भरून आणली. कडूबाईनं वरची चार फळं पाहिली आणि सगळी डाल गोणपाटावर ओतायला लावली.

बायनाबाईनं मदतीसाठी मनकर्णाकडं पाहिलं.

मनकर्णा आपल्या झाडाखाली, देठाला दोन पानं ठेवून सावकाश जांब खुडत होती. "माझ्याकडं बगू नको, बाई," ती म्हणाली. "मी बी शिकायलेय."